नव्या ३५० सीसी गाडीत बदल करताना: आधी काय, नंतर काय आणि मुळीच नको ते काय

शोरूममध्ये गाडीची डिलिव्हरी घ्यायला गेलं की काउंटरवर ॲक्सेसरीजची यादी पुढे सरकवली जाते. लेग गार्ड, सीट कव्हर, कॅरियर, फॉग लाइट, बार-एंड आरसे. त्याच दिवशी सगळं ठरवून टाकायचा मोह होतो. तो आवरा. गाडी अजून शंभर किलोमीटरही चालवलेली नसताना तिच्यात काय कमी आहे हे कळायला मार्ग नसतो.

हा लेख रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० किंवा तिच्याच जे-प्लॅटफॉर्मवरच्या (त्याच इंजिनाच्या) मेटिऑर, हंटर अशा गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. रस्त्यावर सर्वांत जास्त बदल याच गाड्यांत केलेले दिसतात. होंडा, जावा, बजाज यांच्या गाड्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. पूर्ण लेखात एकच कसोटी धरली आहे: केलेला बदल मूळचे पार्ट वापरून एका दुपारी परत काढता आला पाहिजे. मूळ वायर कापायची नाही, फ्रेमला वेल्डिंग किंवा ड्रिल करायचं नाही, काढलेला एकही पार्ट विकायचा नाही. नवी गाडी वॉरंटीत असते, कर्जावर असते, विम्यात असते. या तिन्ही ठिकाणी हीच कसोटी उपयोगी पडते.

पहिले ५०० किलोमीटर: फक्त निरीक्षण

क्लासिक ३५० ची पहिली सर्व्हिसिंग ५०० किलोमीटरला येते. तोपर्यंत काहीही बसवू नका. इंजिन बसत असतं, चेन ताणते, क्लच केबल थोडी सैल होते, ब्रेक पॅड डिस्कवर जमून येतात. या काळात हँडल बदललं आणि मग गाडी एका बाजूला ओढायला लागली, तर दोष कंपनीचा की तुमच्या हँडलचा हे शोधणं कठीण जातं. सर्व्हिस सेंटरवालाही हात वर करतो.

या दिवसांत एका वहीत किंवा फोनमध्ये नोंदी ठेवा. मनगट दुखतं का? तासाभरानंतर बूड दुखतं का, आणि दुखतं ते नेमकं मागे की मांडीच्या आतल्या बाजूला? रात्री घाटात वळणाच्या आतली कड दिसते का? मागे बसणाऱ्याला धरायला काय आहे? ही यादीच पुढची खरेदी ठरवते.

आणि एक पैसा खर्च न करता होणारे बदल आधी करून घ्या. मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा ताण, क्लासिकला सहा पायऱ्यांत बदलता येतो. एकटे चालवत असाल तर खालच्या पायऱ्या, मागे माणूस आणि सामान असेल तर वरच्या. हँडलचे क्लॅम्प सैल करून हँडल किंचित पुढे-मागे फिरवता येतं. ब्रेक आणि क्लच लिव्हरचे ब्रॅकेट सैल करून लिव्हर खाली झुकवा. हात सरळ पुढे केल्यावर पंजा आणि मनगट एका रेषेत आले पाहिजेत. क्लच लिव्हरला टोकाशी मॅन्युअलमध्ये सांगितला असेल तेवढा मोकळा खेळ हवा. गिअर लिव्हरची उंची बुटाप्रमाणे लावून घ्या. मनगटदुखीच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात आणि नवं हँडल घ्यायची गरजच उरत नाही.

कायदा आधी, पाना नंतर

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवर लिहिलेल्या आणि उत्पादकाने ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ (४) नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘प्रत्येक बदलाला’ हे शब्द लक्षात ठेवा. एकाच गाडीवर तीन बदल सापडले तर दंडही तीनदा बसू शकतो.

व्यवहारात याचा अर्थ असा. इंजिन, चेसिस, चाकांची आखणी, सायलेन्सर, बसण्याची क्षमता यांना हात लावायचा नाही. रंग बदलायचा तर आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. गाडी कर्जावर असेल तर त्याआधी बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. नंबरप्लेट एचएसआरपीच (हाय सिक्युरिटी प्लेट) राहील, ती वाकवायची, लपवायची किंवा दुसऱ्या जागी हलवायची नाही. दोन्ही आरसे आणि चारही इंडिकेटर राहतील. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ सांगतो की मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. दिसायला बरं नाही म्हणून सगळ्यांत आधी तेच काढलं जातं. पण ओढणी किंवा पदर चाकात गेला तर मागे बसलेल्या बाईचा जीव जातो. साडीगार्ड काढू नका.

विमा कंपनीला बसवलेल्या वस्तूंची बिलं पाठवा. इलेक्ट्रिकल साहित्यासाठी साधारणपणे किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम घेतात, म्हणजे दहा हजारांच्या वस्तूंना वर्षाला चारशे रुपये. न कळवलेल्या वस्तूची भरपाई मिळत नाही, आणि अपघाताचं कारण त्या वस्तूकडे बोट दाखवत असेल तर पूर्ण क्लेमच अडकतो.

हत्यारं

घरी काम करायचं तर ४, ५, ६ आणि ८ च्या ॲलन की, ८ ते १९ चे सॉकेट, एक मल्टिमीटर, थिंबल दाबायचं क्रिंपिंग पक्कड, निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) आणि टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच बोल्ट कसणारा पाना) लागेल. टॉर्क रेंच महाग वाटतो म्हणून लोक टाळतात. पण ॲल्युमिनियमच्या भागात गेलेले आटे परत करून घ्यायला लेथवाल्याकडे जो खर्च आणि त्रास होतो, त्यापेक्षा तो स्वस्त पडतो. मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच पाळा. नसेल तर स्टीलमध्ये जाणाऱ्या सहा एमएमच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर आणि आठच्या बोल्टला २० ते २५ हा अंदाज चालतो. निळं लॉकटाइट पुढे पान्याने निघतं, लाल निघायला बोल्ट तापवावा लागतो. लाल घेऊच नका.

लेग गार्ड

हे बसवायला सोपं वाटतं आणि इथेच पहिली चूक होते. बऱ्याच गाड्यांत गार्ड इंजिन माउंटिंगच्या बोल्टवर बसतो. म्हणजे तुम्ही इंजिन धरून ठेवणारा बोल्ट काढत असता.

गाडी मेन स्टँडवर घ्या. इंजिनखाली लाकडाचा तुकडा ठेवून जॅकने किंचित आधार द्या, वर उचलू नका. एका वेळी एकच बोल्ट काढा. गार्डच्या पट्टीची जाडी वाढल्यामुळे मूळ बोल्ट आखूड पडत असेल तर त्याच आट्यांचा, डोक्यावर ८.८ ही ताकदीची श्रेणी छापलेला लांब बोल्ट घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला बिनछाप बोल्ट तिथे नको. बोल्ट आत किती जातो हे पाहा. स्टीलमध्ये किमान त्याच्या व्यासाएवढा, ॲल्युमिनियममध्ये दीडपट आत गेला पाहिजे. आठचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये पाच एमएमच गेला तर गार्ड पहिल्या धक्क्याला आटे घेऊन बाहेर येतो.

सगळे बोल्ट हाताने शेवटपर्यंत बसल्याशिवाय एकही कसू नका. नंतर डावा-उजवा, वर-खाली असं आलटून पालटून कसा. भोकं दोन-तीन एमएमने जुळत नसतील तर पहारीने गार्ड ओढून बसवायचा नाही. तो ताण कायम फ्रेमवर राहतो आणि ठराविक आरपीएमला गाडी झणझणते. कानशीने गार्डचं भोक लांबट करा, फ्रेमच्या भोकाला हात लावू नका. बसवल्यावर हँडल पूर्ण दोन्हीकडे वळवून पाहा, पुढचा ब्रेक दाबून फोर्क खाली दाबून पाहा, आणि बूट घालून गिअर व ब्रेक लिव्हरपर्यंत पाय मोकळा जातो का ते पाहा.

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर क्रोम केलेला साधा लोखंडी गार्ड दोन पावसाळ्यांत वेल्डिंगच्या जोडांवर फुलतो. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस किंवा नीट पावडर कोटिंग केलेला गार्ड घ्या. दुकानात छोटं लोहचुंबक घेऊन जा. ३०४ च्या सरळ पाइपला ते जेमतेम लागतं किंवा लागतच नाही. कडक चिकटलं तर तो पाइप ३०४ चा नाही.

सीट

मूळ सीट फाडून बदलून घेऊ नका. दुसरा सीट बेस विकत घ्या, त्यावर काम करून घ्या आणि मूळची सीट पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा. फोम मऊ असेल तेवढा चांगला असं वाटतं, पण मऊ फोम अर्ध्या तासात बसतो आणि हाडं खालच्या प्लास्टिकवर टेकतात. सीटवाल्याला ४० डेन्सिटीचा फोम सांगा आणि बसायची जागा पुढच्या भागापेक्षा रुंद आणि सपाट करून घ्या. पाय जमिनीला नीट टेकत नसतील तर उंची कमी करायला बाजू निमुळत्या करा, मधली जाडी कमी करू नका. क्लासिकच्या सीटची उंची ८०५ एमएम आहे. बाजू कापल्यावर पाय सरळ खाली जातो आणि आकडा तोच राहून टाच टेकते.

शिलाईबद्दल आग्रह धरा. डायमंड डिझाइनची शिलाई दिसते छान, पण सुईच्या प्रत्येक भोकातून पावसाचं पाणी फोममध्ये उतरतं. चार दिवस फोम ओला राहतो आणि तुमची पँटही. बसायच्या जागेवर शिलाई नको, आणि रेक्झिनखाली प्लास्टिकचा थर हवाच. जेल पॅड एप्रिल-मे मध्ये उन्हात उभ्या गाडीवर चांगलाच तापतो, हेही खरेदीआधी लक्षात घ्या.

फॉग लाइट आणि चार्जर: इथे घाई नको

नव्या गाडीला आग लागणं, मध्येच बंद पडणं, सकाळी स्टार्ट न होणं, यांच्या मुळाशी अनेकदा बाहेरून केलेलं वायरिंग असतं. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

आधी हिशोब. गाडीची बॅटरी १२ व्होल्ट, ८ ॲम्पियर-अवरची आहे, म्हणजे लहान. प्रत्येकी २० वॅटचे दोन दिवे ४० वॅट घेतात. ४० भागिले १२ म्हणजे साधारण ३.३ ॲम्पियर. एवढा भार गाडी चालू असताना झेपतो. डब्यावर ‘१२० वॅट’ छापलेले स्वस्त दिवे बहुतेकदा तेवढे घेतही नाहीत आणि तेवढा उजेडही देत नाहीत. मल्टिमीटर १० ॲम्पियरच्या रेंजवर लावून खरा आकडा मोजता येतो, आणि फ्यूज त्याच आकड्यावरून ठरवायचा.

हेडलाइटमध्ये जास्त वॅटचा बल्ब टाकणं हा दुसरा, वाईट मार्ग. २०२४ च्या बदलानंतर क्लासिकला एलईडी हेडलाइट आला. त्याआधीच्या गाड्यांत ६०/५५ वॅटचा एच-४ हॅलोजन आहे. तिथे १०० वॅटचा बल्ब लावला की त्याच बारीक वायरमधून ५ ऐवजी ८ ॲम्पियरहून जास्त करंट जातो. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पावणेतीन पट. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर काळा पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश जातो तो वेगळाच.

आता जोडणी.

१. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा, मग पॉझिटिव्ह. उलट केलं आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना फ्रेमला टेकला तर थेट शॉर्ट. परत जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी.

२. चार पिनांचा, १२ व्होल्टचा, ३० ॲम्पियरचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घ्या. पिनांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. सोबत त्याचा सॉकेटही घ्या, सुट्या थिंबल खोचू नका.

३. बॅटरी पॉझिटिव्हपासून १.५ चौरस एमएमची वायर पिन ३० ला. या वायरमध्ये फ्यूज होल्डर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. वर काढलेल्या भारासाठी ७.५ ॲम्पियरचा फ्यूज पुरतो. फ्यूज दिव्याजवळ लावला तर मधली पूर्ण वायर बिनसंरक्षित राहते, आणि घासून शॉर्ट होते ती नेमकी मधेच.

४. पिन ८७ पासून त्याच जाडीची वायर दिव्यांच्या पॉझिटिव्हला. दिव्यांची निगेटिव्ह वायर बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत परत आणा. पावडर कोट केलेल्या गार्डला अर्थ मारला तर दिवे मिणमिणतात.

५. पिन ८५ अर्थला. पिन ८६ ला किल्ली चालू केल्यावरच पॉझिटिव्ह येणारी वायर, मध्ये हँडलवरचा स्विच. रिलेची कॉइल जेमतेम ०.१५ ॲम्पियर घेते, त्यामुळे इथे ०.७५ ची वायर चालते आणि स्विच कधी जळत नाही.

६. किल्लीवरची पॉझिटिव्ह घ्यायला मूळ वायर सोलायची नाही. त्या कपलरचे नर-मादी जोड असलेला टी-कपलर मिळतो, तो मध्ये बसतो आणि काढला की गाडी जशीच्या तशी. वायरवर चिमटा मारून जोडायचे निळे-लाल क्लिप टाळा. त्याची पाती तांब्याच्या तारा अर्धवट कापते आणि पहिल्या पावसाळ्यात तिथे हिरवा गंज चढतो.

जोड सोल्डर करण्यापेक्षा क्रिंप करून वर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवलेला बरा. सोल्डर वायरमध्ये आत चढतं, तिथे ती कडक होते आणि थरथरीत बरोबर त्याच कडेला तुटते. रिले आणि सगळे कपलर तोंड खाली करून बांधा. वायर रिलेकडे जाण्याआधी थोडी खाली लोंबून मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी तिथून गळून जातं. हँडलच्या मुळाशी वायरला टाय घट्ट बांधू नका. हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण वळवा, वायर कुठे ताणली जाते ते पाहा, मगच बांधा.

झालं की मोजा. इंजिन चालू, रेस थोडी वाढवलेली, दिवे चालू: बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. दिव्यापाशी मोजलेला आकडा आणि बॅटरीवरचा आकडा यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर कुठेतरी जोड ढिला आहे.

मोबाइल चार्जरची कथा वेगळी. तो दिव्यांइतका भार घेत नाही, पण तो थेट बॅटरीला जोडला तर किल्ली बंद असतानाही पीत राहतो. निळा दिवा आणि व्होल्टमीटर असलेला चार्जर १० मिलिॲम्पियर घेत असेल असं धरा. ०.०१ गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस, म्हणजे महिन्याला ७.२ ॲम्पियर-अवर. बॅटरीच ८ ची आहे. गाडी महिनाभर उभी ठेवून गावाला गेलात तर परत आल्यावर स्टार्टर नुसता टकटक करेल. म्हणून चार्जरही रिलेच्या ८७ वरून, वेगळ्या ३ ॲम्पियरच्या फ्यूजमधून. फक्त त्याचा रिले वेगळा ठेवा, नाहीतर फॉग लाइट बंद केले की चार्जरही बंद. किल्ली बंद असताना किती करंट झिरपतो हे निगेटिव्ह केबल सोडवून मध्ये मीटर लावून पाहता येतं. मीटर तसाच लावलेला असताना मात्र स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

दिव्यांचा कोन लावायला सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा, वर तुमच्या वजनाचा माणूस बसवा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने काढा. उजेडाची वरची कड त्या खुणेच्या पाच-दहा सेंटिमीटर खाली आली पाहिजे. शहरात दिव्यांवर कव्हर ठेवा, घाटात धुकं-पाऊस असतानाच वापरा. बिनमंजुरीच्या दिव्यांवर पोलीस दंड करू शकतात. आणि समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरचे डोळे दिपले तर धोका तुम्हालाच आहे.

इंडिकेटर

साध्या बल्बच्या जागी एलईडी इंडिकेटर लावले की ते भरभर लुकलुकतात. बल्ब १० वॅटचा असतो, एलईडी जेमतेम एक-दोन वॅटचा. इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरला वाटतं बल्ब उडालाय. उपाय दोन: एलईडीसाठीचा फ्लॅशर किंवा प्रत्येक इंडिकेटरला समांतर रेझिस्टर. पहिला उपाय करा. रेझिस्टर इतका तापतो की प्लास्टिकच्या मडगार्डला टेकला तर खड्डा पाडतो. एलईडीला पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटं चालत नाही, हे बसवण्याआधी तपासा.

हँडल

रायझर (हँडल उंच करणारा ठोकळा) किंवा वेगळं हँडल लावायचं तर खरा प्रश्न हँडलचा नसून केबलचा आहे. क्लच केबल, थ्रॉटल केबल, ब्रेकचा होज आणि दोन्ही स्विचच्या वायरी मूळ उंचीला मोजून दिलेल्या असतात. २५ एमएमच्या आसपासच्या रायझरला त्या बहुधा पुरतात, त्यापुढे लांब केबल घ्याव्या लागतात.

हँडल चढवल्यावर क्लॅम्पच्या कडेला हँडलवरची ठिपक्याची खूण जुळवा. क्लॅम्पच्या पुढच्या आणि मागच्या फटी सारख्या ठेवून कसा. काही क्लॅम्पवर खूण असते, ती बाजू आधी पूर्ण कसायची असते. मॅन्युअल पाहून ठरवा. मग ही चाचणी: इंजिन चालू करून न्यूट्रलला ठेवा आणि हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे न्या. आरपीएम जराही वाढला तर थ्रॉटल केबल ताणतेय. अरुंद गल्लीत यू-टर्न घेताना गाडी आपोआप रेस होईल, म्हणजे हमखास अपघात. तिन्ही स्थितींत थ्रॉटल उघडून सोडा, तो खटकन मिटला पाहिजे.

ब्रेकचा होज बदलायचा तर घरी करू नका. होज जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंना नवे वॉशर लागतात, ओळीत हवा राहिली तर लिव्हर हाताला लागेपर्यंत येतो, आणि एबीएसच्या (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मॉड्यूलमध्ये हवा अडकली तर ती काढायला कंपनीचं स्कॅनर लागू शकतं. डॉट-४ ब्रेक ऑइल टाकीवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. पुसत बसलात तर रंगही पुसला जाईल.

टायर

मागचं टायर रुंद दिसावं ही हौस सर्रास असते. क्लासिकला मागे १२०/८०-१८ येतं. त्याचा व्यास काढू: १८ इंच म्हणजे ४५७ एमएम, अधिक दोन्ही बाजूंचे प्रत्येकी ९६ एमएम, एकूण ६४९. त्याऐवजी १३०/८०-१८ चढवलं तर ६६५. सोळा एमएमने, म्हणजे अडीच टक्क्यांनी मोठं. मागच्या चाकाचा वेग बदलला की एबीएसला पुढच्या-मागच्या चाकांत सतत फरक दिसतो. चेन आणि चेनकव्हरकडे जागा कमी उरते. रिम तीच असल्यामुळे टायर कडांकडून दाबलं जाऊन मधे फुगतं, आणि रस्त्याला टेकणारा पट्टा अपेक्षेएवढा वाढतच नाही. वळणावर गाडी जड लागते ती वेगळीच. त्याच मापात चांगल्या ग्रिपचं टायर घेणं हाच शहाणपणाचा बदल आहे.

सायलेन्सर

फटफट आवाजाचा सायलेन्सर लावू नका. १७५ सीसीवरच्या दुचाकीसाठी उत्पादनाच्या वेळची आवाजमर्यादा ८० डेसिबल आहे. आवाज-प्रदूषणाच्या उल्लंघनाला कलम १९० (२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन होऊ शकतं. पुणे-नागपूरकडे जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोलर फिरवलेले सगळ्यांनी पाहिले आहेत. तांत्रिक कारणही आहे. बीएस-६ गाडीत एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. मोकळा पाइप लावला की इंधन-हवेचं मिश्रण बिघडतं, गाडी सोडताना फटाके वाजतात, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि इंजिनची वॉरंटी हातची जाते. दवाखान्यासमोरून रात्री अकराला तो आवाज काढत जाणं हा शेजाऱ्यापाजाऱ्यांवरचा अन्यायही आहे.

सामानाचं कॅरियर

मागचा टॉप बॉक्स मागच्या एक्सलच्या मागे लटकतो. त्यात जास्त वजन भरलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल थरथरायला लागतं. कॅरियरवर छापलेली वजनमर्यादा बॉक्सच्या स्वतःच्या वजनासह असते. जड सामान बाजूच्या पिशव्यांत, पुढे आणि खाली. डाव्या-उजव्या पिशव्यांचं वजन घरच्या काट्यावर सारखं करून घ्या. पिशवी सायलेन्सरपासून चार बोटं लांब ठेवणारा लोखंडी स्टे आधी, पिशवी नंतर.

दुकानात काम देताना

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत करोल बाग इथे सगळं मिळतं. वस्तू घासाघीस करून घ्या, पण बसवायची मजुरी पाडू नका. घाईत काम उरकणारा कारागीर तुमच्याच गाडीची वायर कापतो.

काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून द्या: मूळ वायर कापायची नाही, रिले आणि फ्यूज लागेलच, काढलेले सगळे पार्ट आणि नट-बोल्ट परत हवेत, फ्रेमला ड्रिल नाही. ‘रिलेची काय गरज, सगळ्या गाड्यांना असंच लावतो’ असं उत्तर आलं तर गाडी उचलून दुसरीकडे जा. पॅनेल उघडण्याआधी वायरिंगचे फोटो काढा, काम झाल्यावर पॅनेल बंद करण्याआधी परत काढा. पॅनेल बंद झाल्यावर आत टेप गुंडाळून काय केलंय ते कळत नाही. बिल जीएसटीचं घ्या, विम्याला तेच लागतं.

ताब्यात घेताना दुकानासमोरच तपासा: हॉर्न, दोन्ही ब्रेकवर मागचा लाल दिवा, चारही इंडिकेटर, हेडलाइट-डिपर, साइड स्टँडचा सेन्सर, किल स्विच, आणि गाडी पाच किलोमीटर तास वेगाच्या पुढे गेल्यावर एबीएसचा दिवा विझतो का. तो विझला नाही तर चाकाच्या सेन्सरची वायर कुठेतरी ओढली गेली आहे. तशीच गाडी घरी नेऊ नका.

बसवल्यानंतर

शंभर किलोमीटर झाल्यावर प्रत्येक नवा बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. रंग आणि पावडर कोटिंग दाबलं जाऊन बोल्ट थोडे सैल होतातच. कसल्यावर बोल्टचं डोकं आणि शेजारचा भाग यांवरून पांढऱ्या पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढा. पुढे गाडी धुताना नजर टाकली तरी रेघ तुटलेली दिसते आणि कोणता बोल्ट हलला ते कळतं. हीच तपासणी पुन्हा ५०० किलोमीटरला, आणि दरवर्षी मे अखेरीला. तेव्हाच सगळे जादा कपलर उघडून आत डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा, फ्यूज काढून त्याच्या पात्यांवर हिरवट थर आहे का पाहा, आणि होल्डरमध्ये त्याच आकड्याचा एक जादा फ्यूज टेपने चिकटवून ठेवा.